क्रेनवरची गोळी

३ जून

ति. दादास सा. न. वि. वि.

नाकातून रक्त आलं म्हणून तुला पुन्हा इमर्जन्सीत नेल्याचं वहिनीनं कळवलं. रक्तदाबाचा वरचा आकडा दोनशे दहा! वर्षातली तिसरी खेप. मी इमर्जन्सीतली नर्स आणि सख्खा भाऊ असा. दिव्याखाली अंधार तो हाच. बहुतेक गोळ्या पाकिटात तशाच आहेत म्हणे. का? खरं सांग. मला भीती वाटते, दादा.

लोभ आहेच, तो वाढावा, दाब उतरावा.

तुझी धाकटी

९ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

गोळी घेता का, असं तिथे सगळ्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. पडद्यापलीकडे पेशंट, समोर तरुण डॉक्टरीणबाई, सांगणार काय? त्या गोळीनं सारखं लघवीला लागतं. माझी क्रेनची केबिन पंधरा मजले वर. शिडीनं उतरून चढेपर्यंत खाली काम ठप्प, मुकादमाच्या तोंडाचा पट्टा सुरू. बाटली नेऊन पाहिली, पुढचं विचारू नकोस. म्हणून गोळी फक्त सुटीला. कुणाला कळलं तर क्रेनवरून उतरवतील, आणि जमिनीवर मला कोण विचारतो?

माया असू दे, रागावू नकोस.

तुझा दादा

१५ जून

ति. दादास सा. न. वि. वि.

आधी हसले, मग रडले. तुझ्या क्रेनला सळ्यांचे भारे लटकतात, खाली माणसं वावरतात. वर भोवळ आली तर? उतरवतीलही, खोटा धीर देत नाही. पण आमचे डॉक्टर म्हणाले, तसा त्रास न देणाऱ्या गोळ्याही असतात. तुझ्या डॉक्टरांना कामाचं सगळं सांग. मनानं काही बदलू नकोस. आणि तोवर वर चढू नकोस, माझी शपथ.

उत्तराची वाट पाहते. लोभ असू दे.

धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस अ. उ. आ.

डॉक्टरांनी गोळी बदलली, रोज घेतो. मुकादमाला सांगितलं, त्यानं खरंच उतरवलं. दाब आटोक्यात राहिला तर पुन्हा चढवीन म्हणतो. सध्या मी खालून क्रेनवाल्याला इशारे देतो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

माझ्या जागी दुसऱ्या पाळीतला गडी बसतो. जेवताना मी सगळ्यांदेखत माझी हकीकत सांगितली. सगळे हसले, तो तेवढा उठून गेला. संध्याकाळी एकटा आला आणि नव्या गोळीचं नाव विचारू लागला. नाव दिलं नाही. उद्या सकाळी त्याला डॉक्टरांकडे नेतो आहे. क्रेन बंद राहील, मुकादम माझ्या नावानं शंख करील. करू दे.

आहे तशीच माया ठेव.

तुझा दादा