धाकटीचं शिफारसपत्र

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला जाऊन महिना झाला. घर खायला उठत असेल. मला लगेच परतावं लागलं याची टोचणी आहे, पण परिसंवाद आधीच ठरला होता. ‘बदलती कुटुंबं’ यावर बोललो. एकपालक, विनाअपत्य, दोन घरांत वाढणारी मुलं, मैत्रीवर उभी राहिलेली घरं, सगळी आली. ‘कुटुंब रक्तानं नाही, रोजच्या करण्यानं बनतं’ या वाक्याला टाळ्या पडल्या. तू असतीस तर मागच्या रांगेत बसून नाक मुरडलं असतंस.

आता व्यवहाराचं. जूनमध्ये तू निवृत्त होशील. एवढं घर एकटीनं कशाला सांभाळायचं? ते भाड्यानं देऊ, तू आमच्याकडे ये. मागची खोली रंगवून घेतोय. त्या बाईंनी आईचं फार केलं. त्यांची सोय व्हावी म्हणून विद्यापीठातल्या माझ्या विभागाच्या कागदावर शिफारसपत्र लिहून सोबत जोडलंय. प्रामाणिक, मायाळू, रुग्णसेवेचा सहा वर्षांचा अनुभव. चांगलं घर मिळेल त्यांना.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा भाऊ


दि. १४ फेब्रुवारी

चि. प्राध्यापकास,
अ. आ.

आशीर्वाद सवयीनं लिहिले, अंगाला लावून घेऊ नकोस.

‘त्या बाई’ पंधरा वर्षं माझ्यासोबत संसार करताहेत. हे मी तुला तुझ्याच गच्चीत सांगितलं होतं. तू माझा हात धरून म्हणालास, ताई, हा तर माझा विषय आहे. विषय! तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ती कवळ्या बनवायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं. आई पडली तेव्हा एकीनं नोकरी सोडायला हवी होती. माझा शाळेतला पगार मोठा, म्हणून ती घरी बसली. आईची कवळी बोचायला लागली की खिडकीशी बसून तासन्‌तास घासायची. आईनंच मला थोरली आणि तिला धाकटी म्हणायला सुरुवात केली. तू यायचास तेव्हा तुला गरम गरम कोण वाढायचं, आठवतंय?

शिफारसपत्र पिठाच्या डब्यामागे लपवलंय. तिला चार ओळी लिही आणि माफी माग.

लोभ आहे तेवढाच असू दे.
ताई


दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा राग समजतो. मी तुमच्याच बाजूचा आहे, भर सभेत बोललोय. पण व्यासपीठ वेगळं, घर वेगळं. तुझ्या भाचीचं लग्न ठरतंय, समोरची माणसं जुन्या वळणाची. आत्याच्या घरात ही कोण, असं विचारलं तर काय सांगू? मदतनीस म्हटलं की प्रश्न मिटतो.

चार ओळी लिहायला बसलो होतो. मायना काय घालावा सुचेना, कागद तसाच राहिला. खोलीला फिकट पिवळा रंग दिलाय.

समजून घेशील या आशेवर,
भाऊ


दि. २१ मार्च

चि. भावास,

मायन्याचा त्रास आता घेऊ नकोस. धाकटी गेली.

पिठाच्या डब्याला माझ्यापेक्षा तिचाच हात जास्त लागतो, हे मला सुचलं नाही. तिनं पत्र उभ्यानंच वाचलं. रडली नाही. कपडे वाळत घालून आली आणि म्हणाली, “जो शिकवतो त्यालाच जमत नसेल, तर बाकीच्यांकडे काय मागायचं?” मी भांडले, हातापाया पडले. तिचं एकच म्हणणं, घर तुम्हा भावंडांचं, माझी जुनी जागा कधीच भरली, हातात आहे ते एवढंच पत्र.

तुझं पत्र फार उपयोगी पडलं. शेजारच्या गावात एका न्यायाधीशांची बायको अंथरुणाला खिळलीय. तुझी सही बघताच धाकटीला ठेवून घेतलं. तिथे सगळे तिला बाई म्हणतात.

मी तुझ्याकडे येणार नाही, लग्नालाही नाही. आत्याच्या घरात ही कोण, असं आता कुणी विचारणार नाही, तरीही नाही. पिवळ्या खोलीत तुझी पुस्तकं ठेव. पुढच्या भाषणात एकट्या माणसांच्या घरांबद्दल बोललास, तर आमचं घर मोजायला विसरू नकोस.

आईची कवळी अजून वाटीत पाण्यात आहे. ठेवायची की टाकायची, यावर आमचा रोज वाद व्हायचा. आता वाद घालायला कुणी नाही, म्हणून नुसतं पाणी बदलते.

ताई