ट्रकच्या तोंडावरची पाटी

२७ ऑक्टोबर १९७४, सकाळी ९
ट्रक आला. नवा कोरा, डिझेलचा, थेट अकोल्याहून. किन्हीराजात पहिलाच. आजपासून रोजनिशी. पुढे धंदा कसा उभा राहिला ते आठवताना तारखा हाताशी हव्यात.

तिन्ही बैलबंड्या विकल्या, बैलांच्या तिन्ही जोड्या विकल्या, नदीकडचं आठ एकर विकलं. मागे काही ठेवलं नाही. मागे काही असलं की माणूस मागे बघतो. इथला कापूस कारंज्याच्या जिनिंगला पोचवायचं काम जानेवारीपर्यंत माझ्याकडे आहे. ते नीट पार पडलं की पुढच्या साली दुसरा ट्रक. नाही पडलं तर घरात या ट्रकशिवाय काहीच नाही. पण तो प्रश्न येत नाही.

रुख्मिणी पूजेला आली, कुंकू लावलं, आत गेली. बांड्या आणि मोरा ही जोडी तिच्या माहेरची, इंझोरीची. ती माझ्या चुलतभावाने, इंद्रभानने, घेतली म्हणून धुसफूस आहे. जाताना म्हणाली, बैल थकला का उभा राह्यते, याले कोन सांगन. बायकांना मशिनरी कळत नाही.

ड्रायव्हर जानराव. बौद्धवाड्यातला, पंधरा वर्षं मिलिटरीत ट्रक चालवून आलेला. माणूस कामाचा आहे. मालक म्हणायला सांगितलं, तरी भाऊच म्हणतो. हळूहळू डिसिप्लिन लावू.

१ नोव्हेंबर
पाच खेपा. इंजिन गार. वेळेच्या आधी कारंजा. मॅनेजमेंट ही उपजत असावी लागते.

२ नोव्हेंबर, दुपारी
मन खट्टू. स्टँडवर सोजरबाईच्या हॉटेलात चहा घेत होतो. भोंगा ऐकून ती आत ओरडली, जानरावचा ट्रक आला, चहा टाका. मी समोर बसलेलो. बाकड्यावरच्या दोघांनीही वर न बघता म्हटलं, हो, जानरावचाच.

आठ एकर माझं. जानरावचं काय, तर हात.

४ नोव्हेंबर
मालेगावच्या पेंटरकडून पाटी आणली. पत्र्याची, चार फूट लांब, अडीच फूट उंच. लाल जमीन, पिवळी अक्षरं: श्री. शालिग्राम तुळशीराम पाटील, ट्रक मालक, किन्हीराजा. दर्शनी भागाला, जाळीवर, बरोबर मध्यभागी ठोकून घेतली. आता तो वळणावर दिसला की आधी मी दिसणार.

जानरावने दोन वेळा चक्कर मारून पाहिलं. म्हणाला, भाऊ, तोंडावरची पाटी काढा, टपावर लावा. तिथून हवा घेते तो. मी म्हणालो, टपाकडे कोण बघतं. तो म्हणाला, ते बी खरं हाय. म्हणजे पटलं त्याला.

६ नोव्हेंबर
शेलूबाजारच्या चढावर इंजिन तापलं. पाण्याला उकळी. अर्धा तास उभं राहावं लागलं. नव्या गाडीचं असं होतं, अंग मोकळं व्हायला वेळ लागतो.

७ नोव्हेंबर
पुन्हा तापलं. दोनदा. जानराव म्हणतो, पाटी. मी म्हणालो, तू जोरात चालवतोस. आजपासून वीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही.

८ नोव्हेंबर
वीसने चालवूनही तापलं. शिवाय कारंज्याला उशीर. एक सायकलवाला पुढे निघून गेला. मागे वळून त्याने पाटी पूर्ण वाचली, हे मात्र बरं झालं.

१० नोव्हेंबर
डिझेलमध्ये भेसळ. माझी खात्रीच आहे. पंप बदलला. टाकी धुतली. जानरावनेच धुतली. मग हात पुसत म्हणाला, त्याले दम लागून राह्यला भाऊ. नाकावर हात ठेवून पळून पाहा तुमी. मालकाशी बोलायची ही पद्धत नव्हे. तरीही मी रागावलो नाही. नोंद फक्त करून ठेवतो.

११ नोव्हेंबर
खरं कारण सापडलं. इंद्रभान. बांड्या-मोराला पाणी पाजताना ट्रककडे असा बघतो की बघवत नाही. नजर. समोर लिंबू-मिरच्या बांधल्या. जागा नव्हती, पाटीच्या खाली बांधल्या.

१४ नोव्हेंबर
दिवाळी गेली. लिंबू उकडून निघालं. वाफ पाटीवर उडून 'मालक'मधला 'मा' सोलला. आता नुसतंच 'ट्रक लक' राहिलं आहे. स्टँडवर हसले. पाटी उतरवून पेंटरकडे पाठवली.

१५ नोव्हेंबर
कमाल. एकदाही तापलं नाही. नजर उतरली.

१६ नोव्हेंबर
सहा खेपा, भरगच्च. इंजिन गार. आता घरचा देव्हारासुद्धा ट्रकच्या तोंडाकडे करून ठेवावा असं रुख्मिणीला सुचवलं. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

१७ नोव्हेंबर
मी आधी बोलावलं होतं म्हणून अकोल्याहून कंपनीचा मेकॅनिक आला. सगळं तपासलं, चढावर चालवून पाहिलं. दोष शून्य. मग त्याने विचारलं, समोर काही बांधलं होतं काय. मी नाही म्हणालो. विचारलं तेव्हा खरंच काही बांधलेलं नव्हतं. जानराव शेजारी उभा होता. त्याने जमिनीकडे पाहिलं. तो बोलेल अशी मला भीती वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही. बोलला नाही.

२० नोव्हेंबर
पाटी परत आली. पेंटरला सांगून मोठी करून घेतली, पाच बाय तीन. चारही कोपऱ्यांत मोर. जानराव म्हणाला, ठोकाची असन तर तुमीच ठोका, माह्या हातानं नाही होत. मीच ठोकली. अंगठ्याला लागलं.

२१ नोव्हेंबर
तापलं. अंगठा सुजला आहे, त्यामुळे जास्त लिहवत नाही.

२२ नोव्हेंबर
जानरावला काढलं. स्टँडवर, चारचौघांत. कारण सांगितलं, तू गाडीला घाबरतोस. तो म्हणाला, मी गाडीले नाही भेत भाऊ, गाडीसाठी भेतो. किल्ली माझ्या हातात ठेवली, पुसून. सोजरबाईने त्याला चहा दिला. मला विचारलं नाही.

घरी रुख्मिणी म्हणाली, कायले काढलं त्याले, तो तरी खरं बोलत होता. आता दोन दिवस तिच्याशी बोलणं बंद ठेवणार.

२४ नोव्हेंबर
नवा ड्रायव्हर भाऊसिंग, तांड्यावरचा. स्वभाव उत्तम. पहिल्या वाक्यापासून मालक म्हणतो. पाटी छान आहे का विचारलं, हो मालक. गाडी ठीक आहे का, हो मालक. अशी माणसं हवीत.

२५ नोव्हेंबर
टेम्परेचरच्या काट्याकडे बघून भाऊसिंग दर मैलाला थांबतो. काटा लालमध्ये गेला मालक, म्हणतो. काट्यावर देवीचा फोटो चिकटवला. आता देवीकडे बघ आणि चालव, म्हटलं. हो मालक म्हणाला.

३० नोव्हेंबर
आठवडाभर एकही तक्रार नाही. गाडी थोडी खोकते, धूर काळा येतो, वास जळका येतो. पण थांबत नाही. खेपा वेळेवर. उगीच महिनाभर त्या माणसाचं ऐकत बसलो. जानेवारीनंतर दुसरा ट्रक. त्याच्यासाठीही पाटी आत्ताच सांगून ठेवावी का?

३ डिसेंबर, दुपारी ३
गावापासून चार मैलांवर, पूर्ण भरलेला ट्रक, एकदम खाड्‌कन आवाज, आणि संपलं. मी भाऊसिंगच्या शेजारी बसलो होतो. देवीचा फोटो गरम होऊन गुंडाळला गेला, आणि खाली काटा लालच्याही पलीकडे. भाऊसिंगला विचारलं, तुला वास आला नाही का. हो मालक. मग बोलला का नाहीस? तुमीच म्हटलं देवीकडे पाहा.

त्याची काही चूक नाही. हे मी पहिल्यांदाच कोणाबद्दल लिहितो आहे.

४ डिसेंबर
मेकॅनिक आला. तोच. पिस्टन जाम, हेड वाकलं, आतलं सगळं एकमेकांना चिकटलं. पाटीसमोर उभा राहून त्याने ती पूर्ण वाचली. गॅरंटीत बसणार नाही म्हणाला. मोर तेवढे चांगले निघाले आहेत.

५ डिसेंबर
कापसाचं काम गेलं. जिनिंगवाल्यांनी उरलेला सीझन इंद्रभानच्या बंड्यांना दिला. त्यातल्या तीन बंड्या माझ्याच.

पाटी नसलेल्या तीन दिवसांची नोंद वाचली. पंधरा, सोळा, सतरा. पुन्हा वाचली. माझंच अक्षर आहे. चार नोव्हेंबरही वाचला. त्यात लिहिलं आहे, म्हणजे पटलं त्याला. ते पान फाडणार होतो, पण मागच्या बाजूला पेंटरचा पत्ता आहे.

६ डिसेंबर
ट्रक रस्त्यात उभा ठेवता येईना. मी काही केलं नाही, अंगणात बसून होतो. सगळं रुख्मिणीने केलं. सकाळी इंद्रभानकडे गेली, बैल मागितले. मग बौद्धवाड्यात गेली. आज तिथे बाबासाहेबांची पुण्यतिथी, लोक पांढऱ्या कपड्यांत वंदनेला बसलेले. जानराव म्हणाला, वंदना झाली का येतो. आला. तसाच, पांढऱ्या सदऱ्यात.

कापूस उतरवला. दोर बांधायला जागा हवी म्हणून जानरावने पाटी काढली. आठ खिळे. एकेक खिळा सरळ करून खिशात टाकला. मला वाटलं, आता बोलेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. तो एवढंच म्हणाला, पत्रा धारेचा हाय, हात सांभाळा, आणि पाटी माझ्या हातात दिली.

सात जोड्या जुंपल्या. सर्वांत पुढे बांड्या आणि मोरा. रुख्मिणीने दोघांच्या पाठीवर हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला. बैल विकल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदा. स्टिअरिंगवर जानराव. मी मागून चालत, काखेत पाटी. पाटी वारा धरते. चार मैलांत मला धाप लागली, दोनदा रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. बैल थकले तिथे थांबत होते.

स्टँडवर सगळं गाव उभं. सोजरबाईच्या हॉटेलसमोर बैलांनी पुन्हा दम घेतला. बाहेरगावचा कोणी एक माणूस होता, त्याने विचारलं, ट्रक कोनाचा हाय बा हा. जानरावने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शांतपणे म्हणाला, शालिग्रामभाऊचा.

सोजरबाई म्हणाली, हो, शालिग्रामभाऊचाच. बाकड्यावरच्या दोघांनी मान हलवली. आज एकाही माणसाने त्याला जानरावचा ट्रक म्हटलं नाही.