बघणाऱ्याची साक्ष

१२ ऑगस्ट १९८७

माझं नाव दिल्लीला जाणार! सुभेदार साहेबराव स्वतः सांगायला आले. फौजेतून रिटायर होऊन आलेत, तेव्हापासून गावाचे सगळे सरकारी कागद तेच बघतात. चहा बशीत ओतत म्हणाले, "उषाबाई, शौर्य चक्र फौजीलाच भेटतं आसं न्हाई. सिव्हिलियनला बी भेटतं. राष्ट्रपती एकाच हातानं दोघांच्या बी छातीला लावतेत." मी आत पळाले. चुलीवरचं दूध केव्हाच उतू गेलं होतं.

मे महिन्यात आमच्या विहिरीवरची मोटेची जुनी फळी मोडली आणि तीन पोरी पाण्यात गेल्या. मी उडी मारली. आमचा सालगडी भिवा, त्याच्या दोघी निघाल्या. तिसरी जाऊबाईंची बेबीनंदा. दहा वर्षांची. ती नाही निघाली.

तेव्हापासून जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. एक शब्द नाही.

१६ ऑगस्ट

काल शाळेत झेंड्यापुढं सरपंचांनी माझं नाव घेतलं. टाळ्या! घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "परक्याच्या दोन काढल्या, घरची एक ठिवली. त्याचं बक्षीस!" हे म्हणाले, "आई, गप बस." (यांचं नाव इथंही लिहवत नाही. वहीचीसुद्धा लाज वाटते!) जाऊबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

३ सप्टेंबर

दिल्लीत थंडी फार असते म्हणे. स्वेटर कुणाचा मागू?

२१ सप्टेंबर

पहाटे स्वप्न पडलं. मोठा महाल. फरशी म्हणावी तर पाणी, पाणी म्हणावं तर फरशी. फौजी रांगेत उभे, बुटांसकट घोट्याइतक्या पाण्यात, आणि कुणालाच त्याचं काही नाही. माझं नाव पुकारलं. मी चालत नाही गेले – पोहत गेले! गोदेत जायचे तशी, अंग सैल सोडून. पाणी ऊन होतं.

शहागडला बाबांनी मला पोहायला शिकवलं, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. आमच्याकडं काठावरच्या सगळ्या पोरी तशाच शिकायच्या. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "सासरी सांगू नको बाई. पव्हणारी सून कुणाला चालत न्हाई." आठ वर्षं नाही सांगितलं. त्या विहिरीवर रोज धुणं धुतलं आणि घरातल्या एका पोरीच्या पाठीला भोपळा बांधला नाही. मेली माझी लाज!

१० ऑक्टोबर

सुभेदार पुन्हा आले. तहसिलीतून चौकशी होणार. डोळ्यांनी बघितलेल्या माणसाची साक्ष पाहिजे, नाहीतर कागद पुढं सरकत नाही. आता तो दिवस बाजाराचा. गाव सगळं बाजारात. भिवाच्या पोरी चार-पाच वर्षांच्या, त्या काय सांगणार? काठावर होत्या एकट्या जाऊबाई. म्हणजे माझं शौर्य चक्र त्यांच्या तोंडात. आणि ते तोंड माझ्यासाठी बंद.

आज लिहूनच टाकते. पाण्यात पहिला हात बेबीनंदाचाच सापडला होता. घट्ट धरलं तिनं मला. थोराड पोर, खाली ओढत होती. समोर त्या दोन लहानग्या चालल्या होत्या बुडून. मी तिची बोटं सोडवली. एकेक करून. वाटलं, या दोघींना पायरीवर टाकते आणि आलेच. आले पण. ती खाली गेली होती.

हे यांनाही माहीत नाही. कुणालाच नाही.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. वर्ष सरलेलं नाही, म्हणून घरात तळण नाही. भिवाच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, करंज्या आणून दिल्या. जाऊबाईंनी ताट घेतलं आणि माझ्या पुढ्यात सरकवलं. बोलल्या नाहीत. तरी दिवसभर मी तरंगतच होते. काय वेडी आहे मी!

१८ नोव्हेंबर

नायब तहसीलदार आले. जीप पारापाशी, अर्धं गाव आमच्या अंगणात. मला विचारलं, मी सांगितलं – जेवढं सांगता आलं तेवढं. मग जाऊबाईंना, "बाई, तुम्ही काय पाहिलं?" त्यांनी पदर पुढं ओढला.

"म्या काई पाह्यलं न्हाई, साहेब. डोळे मिटून बसल्ते."

साहेबांनी पुन्हा विचारलं, समजावून विचारलं.

"न्हाई पाह्यलं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. चहा घेऊन गेले.

१९ नोव्हेंबर

हे जेवले नाहीत. सुभेदार म्हणाले, "बिलकुल जळकी बाई हाय. आता कागद दाबला जाणार." मलाही राग आला. खूप! भांडी आपटली. मग गोठ्यात जाऊन रडले. त्यांची पोर गेली आणि मला छातीवर चक्र पाहिजे! पण पाहिजे होतं. खोटं कशाला लिहू?

२६ जानेवारी १९८८

रेडिओवर मानकऱ्यांची नावं सांगत होते. जवान, पायलट, कुठल्या गावचा एक शेतकरी. सांगणारा श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात मी मनात माझं नाव घालून बघितलं – उषाबाई, कुंभार पिंपळगाव. बरं वाटलं ऐकायला. यांनी उठून रेडिओ बंद केला.

४ फेब्रुवारी

आज हरभरा उपटायला दोघीच होतो. जाऊबाई मान वर न करता बोलल्या. नऊ महिन्यांनी!

"उषे, तू तिची बोटं सोडवली. म्या समदं पाह्यलं. साहेबाला सांगाया बसले असते तर ते बी सांगावं लागलं असतं. दिल्लीपोतर कागद गेला असता त्याचा."

हातातले डहाळे मी ढिगावर ठेवले.

"चल," त्या म्हणाल्या, "भाकर खाऊ."