दुसरा मजला, माणसं दोन

५ जानेवारी, सोमवार
आज तिसरा फ्लॅट. दलाल म्हणाला होता हवेशीर. हवा होती, खिडकीला काचच नव्हती. तोही चालला असता. मालकाने नाव विचारलं, मग आडनाव, मग म्हणे, "मॅडम, ये तो कल ही दे दिया." काल दिला तर आज दाखवला कशाला? आम्हा गोंडांचं आडनाव ऐकलं की गोंदियातले फ्लॅट भराभर भरतात. हॉस्पिटलात दिवसभर इंजेक्शनं देते, एक त्याला द्यायला हवं होतं.

११ जानेवारी, रविवार
मिळाला!! फुलचूर, दुसरा मजला. एक खोली, किचन, गॅलरी. समोर कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. भाडं नर्सच्या पगारात बसतं, दोनदा विचारून घेतलं. मालकीण भाभी खालीच राहते. आडनाव विचारलंच नाही. एवढंच, "कितने लोग रहोगे?" मी आणि आई. "और मेहमान? टंकी छोटी है, पानी कम पड़ता है. पहलेवाले को इसीलिए निकाला." मी म्हटलं, कोण येतंय आमच्याकडे. खरंच तसं वाटलं. होस्टेलवर परतताना रस्त्यात एकटीच हसत होते.

१२ जाने.
केशोरीला आईला फोन. "आंगण आहे का?" नाही, गॅलरी आहे. "मंग धान कुठी वाळवाचं?" आई, तांदूळ दुकानात मिळतात. "इकतचे कायले? घरचे आहेत ना." बाबा गेल्यापासून एकटी आहे तिथे. आता माझ्याजवळ.

१८ जाने., रविवार
राहायला आलो. आईबरोबर तांदळाचं पोतं, सूप, लाखोळीची भाजी. स्वतःच्या गॅसवर पहिला भात! थोडा लागला, तरी गोड. आईने भाभीला वाटीभर भाजी दिली. वाटी शेव घालून परत आली.

२३ जाने., शुक्रवार
गोची. पौर्णिमेला कचारगडची यात्रा, आमच्या गोंडांच्या देवांची. गावचे लोक दरवर्षी अर्जुनीहून रेल्वेने येतात, गोंदियाच्या फलाटावर झोपतात, सकाळच्या गाडीने पुढे. आई निघताना सांगून आली, "औंदा फलाटावर काऊन झोपता? माह्या पोरीचं घर आहे."
किती जण येतील, विचारलं. आईने असं बघितलं की मीच चुकले. "यात्रेले जाणाऱ्याले किती म्हणून इचारत नाहीत."
हे मलाही माहीत आहे. आमच्याकडे यात्रेकरू मोजत नाहीत. आणि भाभीने पहिल्याच दिवशी नेमकं तेच विचारलेलं.

२५ जाने.
भांडण. मी फार बोलले. घर गेलं तर पुन्हा दलाल, पुन्हा आडनाव... आई शांतपणे म्हणाली, "मंग नाही म्हण त्यायले. मी बी जातो केशोरीले." पिशवी भरायलाही घेतली. मी ती ओढून घेतली, रडले.
लहानपणी मीही त्या फलाटावर झोपले आहे, आईच्या पदरात, थंडीने दात वाजत. नाही म्हणणार नाही. पण भाभीला आधी सांगायचं.

३० जाने., शुक्रवार
सांगायला खाली गेले. तिने चहा दिला आणि बोअरचं पाणी कसं खाली गेलंय ते ऐकवत बसली. तशीच वर आले. भित्री भागूबाई. बादल्या, गंज-पातेली, प्रेशर कुकरसुद्धा पाण्याने भरून ठेवलाय. मोजायचं नाही तर वांगी किती आणायची? तरी खरं सांगू, आनंदच होऊन राहिला आहे. माझ्या घरी पहिल्यांदा माणसं येणार.

३१ जाने., संध्याकाळ
आले. म्हातारी आत्या, काका, मावश्या, कडेवर पोरं, गळ्यात पिवळे दुपट्टे. आईने बजावलं असणार, सगळे चपला हातात घेऊन जिना चढत होते. माझी माणसं, माझ्या घरी, चोरासारखी. राहवलं नाही. वरूनच ओरडले, "चपला घाला गा पायात."
भाभीचं दार उघडलं. "कितने हैं?"
"भाभी, जात्रावाले हैं. हम गिनते नहीं."
भाभी जिन्याकडे बघत राहिली. आत्या थांबून तिला म्हणाली, "जय सेवा, बाई." भाभी आत गेली, दार लोटलं.
घर गच्च भरलंय. गॅलरीत कोपरा मिळाला तिथे बसून लिहितेय. भात चढलाय. आत्ता खाली मोटर सुरू झाली. भाभी मोटर सकाळीच लावते, संध्याकाळी कधी नाही. आई म्हणते, ती टाकी भरून राहिली.
उद्या सगळ्यांना घेऊन खाली उतरायचं आहे, भाभीच्या दारावरूनच.