विद्यापीठवाल्या जाऊबाईंना

प्रिय हिराबाय,

गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, असं मी मयुरीला विचारलं. ती म्हणाली, "लिही की आजी, टपालखात्याला काय तरास नाय." तुझीच नात. जीभ तशीच तिखट आणि हसू तसंच गालातल्या गालात.

सध्या पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस आहेत. होड्या वर ओढून झाकून ठेवल्यात, गल्लीत जाळी विणणारे तेवढे बसलेत. हाताला काम नाही म्हणून शेवंती लिहायला बसली, असं तू म्हणशील. तसं नाही गो. कालचा दिवस माझ्या पोटात मावत नाही, आणि तो सांगावा असं माणूस मला दुसरं कोण आहे?

हिराबाय, काल मी विद्यापीठात जाऊन आले!

तुला आठवतं, बोईसरच्या बाजारात आपण पाट्या मांडून बसायचो. मासे बांधायला रद्दीचे कागद आणायचो. तू प्रत्येक कागद आधी माझ्या हातात द्यायचीस. मी तिसरीत शाळा सुटलेली, अडखळत वाचायची. आणि तुला अक्षर येत नव्हतं, पण वाचून घेतल्याशिवाय तू बोंबील बांधायची नाहीस. गिऱ्हाईक ताटकळत उभं. "थांब भाऊ, बातमी संपू दे," म्हणायचीस. मला वाचता येतं ते मासळीच्या वासाच्या त्या कागदांमुळे, आणि त्याहून जास्त तुझ्या हट्टामुळे. मोठी जाऊ असून तू मला कधी अहो-जाहो करू दिलं नाहीस, पण वाचायला मात्र सासूपेक्षा कडक होतीस.

अशाच एका कागदावर तो शब्द आला. विद्यापीठ. तू विचारलंस, ते काय असतं? मला तरी कुठे माहीत! म्हटलं, शाळांची शाळा असेल. कुठे असते? शहरात. तू पापलेटावर पाणी शिंपडलंस आणि म्हणालीस, "आपल्याकडं डॉक्टर येतो, बँक येते, बर्फाची गाडी येते. समुद्र तर रोज दोन वेळा दारात येतो. मग त्या विद्यापीठालाच काय पाय नाय?"

बाजार हसला. तेव्हापासून तुझं नाव पडलं. "विद्यापीठवाली, सुरमई कशी दिली?" कंपनीतले बाबू विचारायचे, शेजारच्या पाटीवाल्या टोमणे मारायच्या. तू चिडली नाहीस. उलट त्या नावाने हाक मारणाऱ्याला तू एक बोंबील जास्त टाकायचीस. का गो? तेव्हा मला ते वेडेपण वाटायचं.

आणि मग कुंदाचं ते झालं.

तुझी कुंदा बारावी पास झाली. तिला पाण्यातल्या जिवांचं शिकायचं होतं, आणि ते शिक्षण इथे जवळपास कुठेच नव्हतं. शहरात नातेवाइकांकडे राहायचं ठरलं. मोठ्या दिरांना तू कसं पटवलंस ते तुलाच ठाऊक. सकाळी पोरगी पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर पडली आणि समोरून कुणीतरी सहज विचारलं, "कुठं चाललीस गो?"

संपलं. बोटीवर निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारायचं नाही ही आपली रीत. विचारलं, तर त्याने मागे फिरायचं, घरात येऊन बसायचं, पाणी प्यायचं, मग नव्याने निघायचं. सासूबाईंनी दारातूनच कुंदाला हाक मारली. पोरगी आत येऊन बसली. पाणी प्यायली. तेवढ्यात एसटी गेली. उद्या जाईल म्हणाले सगळे. रात्रीतून मोठ्या दिरांचं मन फिरलं आणि तो उद्या आलाच नाही.

तू त्या दिवशी सासूबाईंना एकच वाक्य बोललीस. "विचारलं तर उत्तर द्यायचं असतं, घरात का बसवायचं?" त्या घरात तुझं ते बोलणं भिंतीवर आपटून खाली पडलं. कुंदा पुढे एडवणला सासरी गेली, तिचा संसार चांगला झाला, सुक्या मासळीचा धंदा तिने नेटाने चालवला. पण तू मात्र जाईपर्यंत तो दरवाजा डोळ्यांसमोर घेऊन जगलीस.

अजून थोडी थांबली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं, सांग बरं?

कारण आलं हिराबाय, ते चालत आलं. पालघरच्या बाहेर, बोईसरच्या रस्त्याला विद्यापीठाचं केंद्र झालंय. कुंदाची मयुरी शिकायला माझ्याकडेच राहते, एडवणहून रोज येणं लांब पडतं म्हणून. तिनेच मला सांगितलं की तिथे समुद्राचा आणि किनाऱ्याचा अभ्यास शिकवणार आहेत. दाखला हातात पडायला उशीर झाला, म्हणून प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला. खिडकी दुपारी बंद होणार, मग पुढच्या वर्षावर. कुंदाला ये म्हटलं, तर म्हणाली, "काकी, तूच जा. माझा पाय त्या वाटेला थरथरतो."

मी तुझं हिरवं लुगडं नेसले. रिक्षाने गेलो. दारावर राखणदार उभा, यूपीकडचा असावा, पोरगाच म्हणायचा. छत्री सावरत त्याने हसून विचारलं, "कहाँ जाना है, माताजी?"

आणि माझे पाय आपोआप मागे वळले.

खरंच सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. आयुष्यभराची सवय, अंगच वळलं. रस्त्याकडेच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि मयुरीकडे पाणी मागितलं. तिला कळेना हसावं की रडावं. म्हणाली, "आजी, हिंदीत विचारलं तर लागत नाय." मी म्हटलं, बस जरा, मग निघू. ती बसली खरी, पण नजर घड्याळावर. तिच्या तोंडावर मला कुंदाचं तोंड दिसलं गो. तेच ओठ दाबून बसणं.

कट्ट्यावर आमच्या आधीच एक बाई बसली होती, जव्हारकडची, तिची लेक आत गेली होती रांगेत. ती भाकर खात होती. म्हणाली, "काय झाला बाय, आत नाय गेली?" मी तिला आमची रीत सांगितली. तिने नीट ऐकून घेतलं, घास गिळला आणि म्हणाली, "आमाला पन ईचारला त्यानी. आमी सांगला, पोरीला शिकवाय आनली."

इतकंच. पुन्हा भाकरीत दंग.

हिराबाय, माझ्या अंगावर काटा आला. तुझंच बोलणं, डोंगरावरून उतरून, दुसऱ्या बाईच्या तोंडून! मी पाण्याची बाटली तशीच मयुरीच्या हातात दिली आणि उठले. राखणदारासमोर जाऊन उभी राहिले आणि मला येते तेवढ्या हिंदीत मोठ्याने सांगितलं, "विद्यापीठ में जाना है. पोरी को शिकवाने का है." तो म्हणाला, "तो जाइए ना, सीधा, फिर बाएँ." त्याला बिचाऱ्याला काय माहीत, त्याने केवढा दरवाजा उघडला ते.

खिडकीपाशी आमच्या मागे कुणीच उरलं नव्हतं. आतल्या मुलीने कागद घेतले, एकेक पाहिले. मग तिने शिक्का मारला. मयुरीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

त्यानंतर मात्र माझी भीड चेपली. मी त्या मुलीला विचारलं, बाय, याचा शेठ कोण? तुला माहीत आहे ना, आपल्याकडे बोटीला नाखवा असतो, कंपनीला शेठ असतो, कुणीतरी धनी असल्याशिवाय एवढी इमारत उभी राहते होय! मयुरी लाजेने लाल झाली. ती मुलगी मात्र हसली नाही. खुर्ची पुढे ओढून तिने मला सांगितलं की याला शेठ नाही. सरकारने कायदा करून विद्यापीठ काढलं, एक मुलूख त्याच्या पदरात घातला, आणि त्या मुलखातल्या सगळ्या लोकांसाठी ते आहे. कॉलेजं त्याच्या हाताखाली चालतात, परीक्षा ते घेतं, पदवी ते देतं. पण मुलूख पडला मोठा, शहर पडलं एका टोकाला, आणि डोंगरातली, किनाऱ्यावरची पोरं वाटेतच गळायची. म्हणून त्याने आपलं एक दार इकडे आणलं. इथल्या समुद्राचा, जंगलाचा, कारखान्यांचा अभ्यास इथेच व्हावा, आणि इथल्या पोरांनी करावा, यासाठी.

मी म्हटलं, म्हणजे आमच्या मच्छीमार सोसायटीसारखं? सगळे सभासद, कुणी एक मालक नाही?

तिने मान डोलावली. म्हणाली, "आजी, तसंच म्हणा."

गो, मी तिथेच भिंतीला टेकले. सोसायटीने आपल्याला बर्फ दिला, डिझेल दिलं, ते मला समजतं. पण विद्येचीसुद्धा सोसायटी असते आणि तिची आपण सभासद आहोत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! एवढी वर्षं आपलंच होतं ते. तू बाजारात बसून मागत होतीस ते उसनं नव्हतंच गो, हक्काचं होतं.

येताना एका खोलीचं दार उघडं दिसलं. आत काचेच्या उभ्या नळ्या ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीत पाणी, प्रत्येकीवर चिठ्ठी. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. तारापूर. एडवण. आणि एकीवर सातपाटी. आपलं पाणी! ज्या पाण्याने आपले पाय कुजले, ज्याच्यात आपण नारळ सोडतो, ते तिथे काचेत शांत उभं होतं, आणि मोठमोठी माणसं त्याच्यासमोर वाकून बघत होती. मी चपला काढल्या आणि हात जोडले. कुणी मला अडवलं नाही. मयुरी म्हणाली, "आजी, पुढच्या महिन्यात मी पण इथंच वाकणार."

बाहेर आलो तर ती जव्हारची बाई आणि तिची लेक रिक्षाची वाट बघत होत्या. मुलींनी एकमेकींना नंबर दिले. दोघी एकाच वर्गात आहेत. डोंगरातली पोरगी समुद्र शिकणार! आम्ही दोघी बाया एकमेकींकडे बघून नुसत्या हसलो.

संध्याकाळी मयुरीने आईला फोन लावला. मी कान देऊन होते. प्रवेश मिळाला, एवढं सांगून झालं. मग कुंदाने विचारलं, "गेटवर कोणी विचारलं नाय ना, कुठं चाललीस म्हणून?"

मयुरी म्हणाली, "विचारलं. आजीनं सांगितलं."

पलीकडे कुंदा रडत होती, की हसत होती, मला नीट कळलं नाही. दोन्ही असेल.

हिराबाय, पुढच्या महिन्यापासून पोरगी रोज सकाळी या उंबऱ्यावरून जाईल. गल्लीत कुणी ना कुणी विचारणारच, कुठं चाललीस? मी तुला वचन देते, या घरातून तिला मागे बोलावणारी हाक जाणार नाही. मी दारात उभी राहीन. ती घाईत असेल, बोलायला फुरसत नसेल, तर तिच्या वतीने मीच मोठ्याने उत्तर देईन. बंदरापर्यंत ऐकू जाईल असं.

तुझी धाकटी जाऊ,
शेवंती