उपासातलं गोड औषध

शिरूर, बुधवार, ६ मार्च १९५७
आजपासून लेंटचे उपास. ईस्टरपर्यंत गोड वर्ज्य, चहासुद्धा बिनसाखरेचा. ईस्टरच्या पहाटे नदीकाठच्या उपासनेत पदाचं पहिलं कडवं मी एकटीनं म्हणायचं ठरलं आहे. दौंडहून रेल्वेतली मंडळी यायची आहेत, शिरूरची शोभा व्हायला नको. खोकला आहे, पण किरकोळ.

गुरुवार, ७ मार्च
घरचीच बाटली घासून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी मिक्श्चर दिलं. दिवसातून तीनदा.
संध्याकाळी पहिला डोस जिभेला लावला, तर गोड. नुसता पाक. लगेच चूळ भरली. औषध उपासात चालतं का, हे एलिया पाळकांना विचारणार होते. पण ते चालतं म्हणतील, म्हणून विचारलं नाही.

शनिवार, ९ मार्च
औषध ओतून देणं म्हणजे माजच. म्हणून ह्यांना देते आहे. हे मिशनच्या शाळेत मास्तर, खडूनं घसा कायम खरखरतो. उपास धरत नाहीत, त्यामुळे त्यांच्या आत्म्याला धोका नाही. वेळ झाली की स्वतःच चमचा घेऊन येतात. इतके आज्ञाधारक लग्नानंतर प्रथमच.

शुक्रवार, १५ मार्च
डॉक्टरांनी विचारलं, बाटली संपली का? संपली म्हटलं. मी खोटं बोलत नाही. खोकला तसाच पाहून म्हणाले, कडू लागतं म्हणून टाळता ना? म्हटलं, कडू मुळीच नाही. त्यांना पटलेलं दिसलं नाही. कंपाउंडर शेखलालला सांगितलं, बाईंच्या बाटलीत पाक जास्त घाल.
शेखलाल म्हणतो, "बाई, लोकं खोटं खोकून ह्ये औषध मागत्यात. तुमचा खोकला खरा हाय, आन् तोंड एरंडेल प्याल्यागत."
घरी नव्या बाटलीच्या नुसत्या वासानंच हे खूश.

मंगळवार, २ एप्रिल
तालमीत कडवं दोनदा तुटलं. पोस्टमास्तरांची मरियम पाणी घेऊन धावली. फार दयाळू. माझं कडवं चालू असताना तिचे ओठ हलत होते. मी मुद्दाम बघत नव्हते.
खोकला ही सत्त्वपरीक्षा आहे. मी डगमगणार नाही.
ह्यांनी बाटलीत पाणी घालून, विसळून, तेही प्यायलं. काटकसर माझ्याकडून शिकले.

शुक्रवार, १२ एप्रिल
डॉक्टर हवालदिल. हे औषध आजवर कुणावर फुकट गेलं नाही म्हणाले. आता पुण्याला जाऊन छातीचा फोटो काढा. मला त्यांची दया आली, पण त्यांच्या विद्येत आपण कशाला बोलायचं? फोटो ईस्टरनंतर बघू. आणखी एक बाटली दिली, आधीपेक्षा दाट.

शनिवार, २० एप्रिल
हे हल्ली आंघोळ करताना गातात. खरखर पार गेली. पाळक रस्त्यावर थांबून ऐकत होते. त्यांना म्हटलं, घरात माझा सराव चालतो, तो ह्यांच्या कानावरून जातो ना.
उद्या प्रभू माझा घसा मोकळा करील. खात्री आहे.

रविवार, २१ एप्रिल
तोंड उघडलं आणि खोकलाच आला. थांबेना. मरियम पदर सावरून पुढे सरकली. तेवढ्यात पाळकांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ह्यांनी पहिलं कडवं म्हटलं, मग सगळंच पद. दौंडकर म्हणाले, "मास्तर, हा गळा इतके दिवस कुठं दडवला होता?"
डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी विचारलं, घशाला काय घेता? हे सरळ म्हणाले, "हिचं औषध."
डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, "म्हणजे औषध चांगलं होतं."
घरी येऊन उपास सोडला. आता औषध घ्यायला माझी हरकत नाही. पण पुढच्या रविवारचं पदही पाळकांनी ह्यांनाच दिलंय. घसा जपायला हवा, असं हे म्हणतात, आणि बाटली स्वतःच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलंय.