बावीस मिनिटांत उरकलेली तपासणी

तीर्थस्वरूप गोपाळराव भाऊजींच्या सेवेशी,

प्रताप नगरहून नानाजीचा नमस्कार. सदर बाजारातलं तुमचं चष्म्याचं दुकान जोरात असेल, शामलाताईचे गुडघे बरे असतील. फोनच केला असता, पण कारखान्याने मोबाईलमध्ये स्वतःचं ॲप टाकायला लावल्यापासून त्या यंत्रासमोर मी मोकळेपणाने शिंकतही नाही. म्हणून हे पत्र मिनलच्या हाती पाठवतोय. (मुलगी माझीच आहे, तरी पाकीट चिकटवलं आहे.)

विषय असा, की आमच्या वार्षिक आरोग्य तपासणीत कामगारांना ताटकळावं लागू नये अशी नवी व्यवस्था झाली आहे. (तुम्ही म्हणाल, बरं झालं. सगळे तेच म्हणताहेत, तिथेच मला पहिली शंका आली.) इतकी वर्षं किती चांगली पद्धत होती! सकाळी सातला उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग दीडशे माणसांनी एकाच व्हरांड्यात बाकांवर बसायचं, डबे उघडायचे, एकमेकांची भाजी चाखायची आणि चार वाजता घरी जायचं. मी दरवर्षी डोळ्यांच्या खोलीसमोरचा बाक धरायचो. दार सताड उघडं, आतला माणूस तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचतोय. चाळीस जणांचं ऐकलं की तक्ता आपोआप पाठ. तुमच्यापासून काय लपवायचं, गेली सहा वर्षं मी डोळ्यांची परीक्षा कानांनी पास होतोय. नापास झालो तर क्रेनची खुर्ची जाईल आणि एकोणतीस वर्षांच्या नोकरीनंतर मला गोदामात बोल्ट निवडत बसवतील.

आता ऋषिकेश नावाचा नवा अधिकारी आलाय. वय तिशीचं, चेहरा सदा हसरा. (कारखान्यात सदा हसण्यासारखं काय असतं?) त्याने रक्ताचं काम आदल्या आठवड्यातच उरकलं, फॉर्म घरून भरायला लावले, प्रत्येकाला मोबाईलवर वेळ दिली, एका वेळी फक्त चार माणसं, आणि खोल्यांची दारं बंद. मला दहा वीसची वेळ. मी साडेसातलाच जाऊन पाहतो तर बाकच उचलून नेलेले! वॉचमन म्हणतो, "काका, अजून लय टाइम आहे, चहा पिऊन या ना."

बरोबर दहा वीसला शोभाताई नर्सने हाक मारली. (एक मिनिटही उशीर नाही. आमच्याकडे पगारसुद्धा इतका वेळेवर होत नाही.) मी मनाशी म्हटलं, गेल्या वर्षीचा तक्ता अजून पाठ आहे, घाबरायचं कारण नाही. खुर्चीत बसलो, एक डोळा झाकला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, र, घ, प, न, त, म, ते थेट शेवटच्या ओळीपर्यंत. शोभाताई म्हणाली, "नानाजी, काहून घाई करून राहिले? मले लाईट तं लावू द्या." लाईट लागला. या वर्षीचा तक्ता आकड्यांचा होता, हेही मला तिनेच सांगितलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. चष्मा करून येत्या गुरुवारी पुन्हा दाखवा, क्रेन तुमचीच राहील, म्हणाल्या. इतकं गोड कोणी विनाकारण बोलतं का? बावीस मिनिटांत मी बाहेर. माझा संशय धर्मेंद्रवर आहे. तो क्रेनखाली उभा राहून मला माल उचलायचे-उतरवायचे इशारे करतो, त्यालाच माझी खुर्ची हवी असणार. महिनाभर रोज विचारतोय, "नानाजी, बराबर दिसून राहिलं ना?" असं कोणी कोणाला उगाच विचारत नाही.

शामलाताईला नमस्कार सांगा, पण बाकी काही सांगू नका.

आपला,
नानाजी

ता. क. तुमच्या दुकानात आकड्यांचा तक्ता असेलच. तो कागदावर उतरवून मिनलकडे द्या. गुरुवारपर्यंत सहज पाठ होईल.

दुसरा ता. क. तक्ता पाठवू नका. गेल्या महिन्यात मी दोन टनांचा नग खाली उतरवला, तो धर्मेंद्रच्या बुटापासून चार बोटांवर टेकला. तो तिथे उभा आहे हे मला दिसलंच नव्हतं. त्याने ही गोष्ट साहेबांना सांगितली नाही, कोणालाच सांगितली नाही. दुसऱ्या दिवसापासून फक्त विचारायला लागला. भाऊजी, मला फार भीती वाटते. सोमवारी संध्याकाळी दुकानात येतो. फ्रेम कुठलीही चालेल. फक्त गिऱ्हाइकांची गर्दी असली तरी मला बाहेर बसवून ठेवू नका, लगेच आत घ्या, नाहीतर मी तुमचाही तक्ता पाठ करीन.